धावपट्टीवरचा पाहुणा

हे मुतलगच्या तोंडून ऐकलेलं आहे. खोटं बोलायला लागला की मुतलग अडखळतो, आणि हे सांगताना तो एकदाही अडखळला नाही.

वाळवंटातल्या रुतबा गावातून तो पाण्याचा टँकर चालवायचा. शाबान महिन्यातला शेवटचा गुरुवार होता. निघताना त्याची म्हातारी आई, वदहा, अंथरुणातूनच म्हणाली, "आज नको जाऊस."

"यम्मा, तळावरच्या पोलिसांकडे प्यायला थेंब नाही."

"त्या तळानं माझा एक पोरगा गिळला. आता दुसरा त्याला पाणी पाजतो."

चार दिवस म्हातारीने अन्न सोडलं होतं. तिचं एकच मागणं होतं, मला माझ्या नायफच्या शेजारी पुरा. नायफ म्हणजे मुतलगचा थोरला भाऊ. कुवेतच्या लढाईत तो या तळावर शिपाई होता. बॉम्ब पडले त्या रात्रीपासून ना देह सापडला ना कपडा. आईला पुरायचं तरी कुठे? हा घोर मुतलगला पोखरत होता.

गदीरचा हा लष्करी विमानतळ म्हणजे मुळात त्यांच्याच आजोबांची विहीर. इंग्रजांना वाळवंट ओलांडताना विमानं उतरवून तेल भरायला जागा हवी होती. पाणी बघून त्यांनी तिथेच तंबू ठोकले आणि आजोबांना उंटांसकट पलीकडे हाकललं. मग राजा आला, राजा गेला, सरकारं आली. धावपट्टी लांबत गेली, विमानं लपवायला सिमेंटचे घुमट उठले. लढाईत ते फुटले. पुढे अमेरिकन राहिले, तेही गेले. आता उरलेत जब्बार हवालदार, चार-पाच पोलीस आणि भटकी कुत्री.

"अबू हायिल!" मुतलगला पोराच्या नावाने, हायिलचा बाप म्हणून, हाक मारत जब्बार लांबूनच ओरडला. "तुझा टँकर आला की वाटतं पुन्हा हल्ला झाला!"

"हल्ला झाला असता तर तू पलंगाखाली असतास."

"राहा की आज. मसूर शिजतेय."

"तुझ्या हातची? माझी आई आधीच आजारी आहे, घरात दुसरा कशाला?" पाणी उतरवून, हसत तो निघाला. लवकर पोचावं म्हणून रस्ता सोडून जुन्या धावपट्टीवरून टँकर घातला. अर्ध्यात टायर फुटलं. लढाईतलं लोखंड अजून तिथल्या वाळूत दबा धरून असतं. जादा चाक होतं, त्यातही हवा नव्हती. फोनला रेंज नाही. अंधार पडलेला, पोलिसांची चौकी मागे लांब राहिलेली. सकाळशिवाय सुटका नव्हती.

त्याने काटक्या पेटवल्या आणि कॉफी ठेवली. आई आजची रात्र काढेल ना, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"अस्सलाम अलैकुम."

अंधारातून कोणी आलं. अंगात फौजी ओव्हरकोट, रुमालाने तोंड गुंडाळलेलं. जब्बारचा कुणी पोलीस असेल म्हणून मुतलगने त्याला बसवलं. नाव विचारलं नाही. पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नाही, ही त्या लोकांची रीत. खजूर पुढे केले, कॉफीचा कप दिला.

पाहुण्याने कप घेतला. आणि समोर वाळूवर ठेवला. तसाच, भरलेला.

म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. यजमानाने हो म्हटलं की तो पिणार. आणि एकदा हो म्हटलं की जीव गेला तरी शब्द फिरत नाही, म्हणून शहाणा माणूस आधी विचारतो, बाबा, काय हवंय? मुतलगचं चित्त घरी होतं. रुतब्यापर्यंत सोड म्हणेल, दुसरं काय?

"पी रे बाबा. दिलं. जे असेल ते दिलं."

पाहुणा कॉफी प्यायला. पुरे, या खुणेने कप हलवून परत दिला.

थंडी मोठी होती. मुतलगच्या तोंडातून वाफ निघत होती. पाहुण्याच्या... नव्हती.

"तुझे केस पिकले रे, मुतलग."

मुतलगने वर बघितलं. रुमाल खाली सरकला होता. बावीस वर्षांचा चेहरा.

"नायफ...?"

"मला इथून नेऊ नकोस. हेच मागणं."

"कुठे... कुठे आहेस तू?"

"तिसऱ्या घुमटाखाली. मोसुलचा एक आहे. बसऱ्याचे दोघं. एक पोरगा तर सतरा वर्षांचा. अजून रडतो. त्यांच्याकडे कुणी येत नाही. मी गेलो तर..."

"आई तुला मागते रे! माझा शब्द परत दे. मला ठाऊक नव्हतं."

पाहुण्याने रुमाल पुन्हा तोंडावर ओढला.

"नायफ..."

वाऱ्याने धूर मुतलगच्या डोळ्यांत गेला. त्याने डोळे पुसले. समोर कोणी नव्हतं.

उजाडल्यावर पोलिसांनी चाकात हवा भरून दिली. मुतलग घरी पोचला तेव्हा आईचा श्वास वर लागला होता. तो तिच्या कानाशी वाकला.

"यम्मा, नायफ भेटला. पण त्याला आणता येणार नाही. त्याच्यासोबत पोरं आहेत. त्यांना सोडून तो येत नाही."

म्हातारीने डोळे उघडले. किती दिवसांनी हसली.

"तसलाच तो. जेवायला एकट्याला हाक मारावी, तर गल्लीतली चार पोरं घेऊन यायचा." मग म्हणाली, "तो येत नाही तर मी जाते. पोरांना आई लागतेच कुणीतरी."

दुपार कलताना, असरच्या नमाजाआधी ती गेली.

संध्याकाळी मुतलग आणि त्याचे दोन भाचे तिला घेऊन तळावर गेले. जब्बार आडवा आला. "अबू हायिल, लष्कराची जागा आहे ही. परवानगी कुणाची?"

"आजोबांची," मुतलग म्हणाला.

जब्बारने टोपी काढली. आत जाऊन फावडं आणलं. तिसऱ्या घुमटाच्या तोंडाशी त्यांनी खड्डा खणला, जनाज्याचा नमाज पढला. चौघंच होते. चपला घातलेले चौघं, जब्बारसुद्धा.

पुढे दोन दिवस वाळूचं वादळ घोंघावलं. तिसऱ्या दिवशी मुतलग कबरीवर पाणी शिंपडायला गेला. वाळू ताटासारखी सपाट झाली होती. त्यांच्या पावलांचा, फावड्याचा, टँकरच्या चाकांचा माग राहिला नव्हता.

फक्त कबरीमागे, खांद्याला खांदा लावून माणसं नमाजाला उभी राहतात तशी, बुटांच्या ठशांची एक रांग होती. फौजी बूट. टाचा जुळलेल्या, चवडे मक्केकडे.

बापजाद्यांपासून माग काढणारा माणूस तो. त्याने चारी बाजूंनी फिरून बघितलं. तिथे येणारं पाऊल नव्हतं. जाणारंही नव्हतं.