शांत वेळेतली हाक

आमच्या वॉर्डातल्या गरम रेडिएटरवर ओली गॉझ टाकली, की ती बावीस मिनिटांत कडक व्हायची. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

तीच कोरडी हवा आम्ही बारा-बारा तास घशात घ्यायचो.

मी, सल्किनाय, नर्स आहे. मोजता येईल तेवढ्यावरच विश्वास ठेवणारी. पण हे माझ्यासमोर घडलंय. किर्गिझस्तानात, नारिनकडच्या एका रुग्णालयात... नाव सांगत नाही. सतरा जानेवारी, मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

दोन ते चार आमच्याकडे शांत वेळ. रोगी झोपतात. कुणी बोलायचं नाही.

एरवी मात्र दिवसभर ओरडायचं. बेल पंधरा वर्षं बंद होती. इंजेक्शनच्या वेळी नर्सनं कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहून चाळीस आडनावं पुकारायची. दिवसातून तीनदा. शेजारी ब्लीचिंग पावडरची बादली.

माझ्या स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. बिश्केकच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, दोन महिने वॉर्ड सोडा, नाहीतर हा आवाज परत येणार नाही. तो कागद आठ महिने माझ्या खिशात होता. आमची हेड नर्स बुरुलकान. तिला सगळे एजे म्हणतात, म्हणजे ताई. ती दर वेळी म्हणायची, "बदली माणूस येऊ दे गं. तोवर रेट."

मी रेटलं.

त्या सकाळी आवाज पूर्ण गेला. उरली नुसती हवा.

दोन दहाला मी उपचार खोलीत सिरिंज भरत होते. एकटीच. कॉरिडॉर रिकामा...

आणि बाहेरून हाक आली.

"जुमाबायेव... ओरोझोव... असानोव..."

स्वच्छ, भरदार, टोकापर्यंत पोचणारा आवाज.

माझा आवाज.

मी ओठांवर बोट ठेवलं. ओठ मिटलेले होते.

दारात चपलांचा आवाज झाला. म्हातारे ओरोझोव बाही वर करत उभे होते. मागे आणखी दोघे.

"सुटला की पोरी तुझा घसा! मेंढीच्या शेपटाची चरबी घेतलीस ना?"

मी मान हलवली. कुजबुजले, "मी हाक मारली नाही."

"मग काय माझ्या सासूनं मारली? ती तर गेली बिचारी."

मागचे दोघे हसले.

आवाज थांबला नाही. बाराव्या नावाला तो खरखरला. विसाव्याला फाटला. तिसाव्या नावाला नुसती हवा... आणि तरीही तो पुकारतच होता.

आता कुणी हसत नव्हतं. ओरोझोवनी बाही खाली केली.

चाळिसाव्या नावाच्या जागी नुसता श्वास ऐकू आला. मग तोही नाही.

मी कॉरिडॉरमध्ये धावले. कुणी नव्हतं.

बुरुलकान एजे तिच्या टेबलाशी बसली होती. चहाच्या वाटीवर साय धरलेली.

"तुझा होता?" तिनं विचारलं. तिचा घसा कायमचा बसलेला. आम्हाला वाटायचं, वयामुळे.

मी मान डोलावली.

"मी माझा ऐकला होता. बारा वर्षं झाली."

"मग काय केलंत, एजे?"

"काय करणार? पाचच्या इंजेक्शनची वेळ झाली. यादी घेतली, उभी राहिले." तिनं वाटीवरची साय बोटानं बाजूला केली. "त्यानंतर नातवंडांना गोष्ट सांगायला बसले की पोरं म्हणतात, आजी, तू नको, आईला सांगू दे."

तो आवाज कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. दोन वर्षं झाली. आता मी बिश्केकला असते, घसा बराच सुधारलाय. पण रिकाम्या खोलीत मी स्वतःशीही बोलत नाही. वाटतं, कुणीतरी पुढचं नाव घेईल...

त्या दिवशी एजेनं सवयीनं पाचची यादी माझ्याकडे सरकवली. मग तिचा हात मध्येच थांबला.

मी यादी घेतली नाही. घशातून जेवढं निघालं तेवढं काढलं. फाटकं, खरखरीत.

"मी आज वॉर्ड सोडतेय, एजे. बदली येवो, न येवो."