भांडगावची लाइन

आम्हाला फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याच्या अंगणात घाण पाणी आलेलं असतं. त्यामुळे कुणी ख्यालीखुशाली विचारत नाही. "ती जेटिंगची गाडी भाड्यानं मिळते ना तुमच्याकडं?" एवढंच, आणि मी हो म्हटलं की "आजच पाठवा."

शिरूरला बायपासजवळ आमचं शेड आहे आणि दोन गाड्या आहेत. एकाच चेसिसवर दोन टाक्या असतात. एकीतलं पाणी जाड रबरी होजमधून इतक्या दाबानं सुटतं की नळीत बसलेला गाळ फुटतो. दुसरी टाकी तो गाळ व्हॅक्युमनं ओढून घेते. माणसाला गटारात उतरावं लागू नये म्हणून तर ही गाडी. धंदा सुरू केला तेव्हा मी एकच नियम घालून दिला होता: झाकण उघडायचं, बॅटरी मारून बघायचं, पण पाय आत घालायचा नाही. गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी नाही.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. अंगात येणं, बाहेरची बाधा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही, असं म्हणायला मला आवडेल.

भांडगावहून फोन आला तो जानेवारीत. बोलणारे हौसराव म्हणून एक रिटायर गृहस्थ होते, आवाज थकलेला.

"आमच्या कॉलनीची लाइन तुंबलीय ताई. आधी दुसऱ्यांच्या गाड्या येऊन गेल्या. काय उपेग झाला न्हाई."

"काय अडकलंय काही कळलं का?"

"त्ये तुम्हीच बघा की."

मोठी लाइन असली की मी स्वतः जाते. हनुमंतदादा गाडी चालवत होते. ते निमोण्याचे. धिप्पाड माणूस, बोलायला मोजका, आणि सुरुवातीपासून माझ्याबरोबर. न्हावऱ्यापासून पुढं रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर होते, त्यांच्या मागं रखडत आम्ही पारगावचा पूल ओलांडला. चौफुल्याच्या अलीकडं गुऱ्हाळं पेटली होती आणि काकवीचा वास केबिनमध्ये भरून राहिला होता. हनुमंतदादा म्हणाले, "परत येताना ढेप घिऊ ताई." मी हो म्हटलं.

कॉलनी हायवेपासून आत होती. पुण्याच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली बैठी घरं, बहुतेकांना कुलपं. फाटकाजवळ दोन-तीन बिऱ्हाडं होती आणि अगदी टोकाच्या घरात हौसराव आणि त्यांची बायको रंभाबाई. त्या ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. आम्ही उतरलो तशा त्या हनुमंतदादांकडंच बघत राहिल्या, माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

लाइन सोपी होती. एक चेंबर हौसरावांच्या घरासमोर, दुसरं उताराला, हाकेच्या अंतरावर, मध्ये सरळ नळी. जेटिंग खालच्या बाजूनं वर करतात, म्हणून गाडी उताराच्या चेंबरपाशी लावली आणि मी वरच्या चेंबरपाशी थांबले. होजचं नोझल, म्हणजे टोकाची तोटी, नळीतून वर आलेलं दिसलं की हात करायचा, एवढंच माझं काम.

मी झाकण सरकवलं. पाणी काठोकाठ होतं.

वास नव्हता.

वास नसणं आमच्या कामात वाईट. काही गॅस असे असतात की ते नाकच बधिर करतात. मी लगेच मागं झाले आणि गॅस मोजायचा मीटर आत सोडला. मीटर काहीच दाखवत नव्हता. आत साधी, चांगली हवा होती. पाणीही स्वच्छ होतं, विहिरीचं असावं तसं, आणि त्यात माझं तोंड दिसत होतं. दिवसाढवळ्या, उन्हात. मी हौसरावांना विचारलं, "आप्पा, हे असंच असतं का?"

"असंच असतंय," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

हनुमंतदादांनी प्रेशर दिलं. इंजिनाचा आवाज चढला, होज ड्रमवरून सुटत नळीत शिरू लागला. थोड्या वेळानं माझ्यासमोरचं पाणी एकदम घोट घ्यावा तसं खाली गेलं. चेंबर रिकामं झालं, तळाला नळीचं काळं तोंड उघडं पडलं. नोझल मात्र आलं नाही. मी वाट पाहिली. तिकडं होज जातच होता. जेवढं अंतर होतं त्याच्या दुप्पट, तिप्पट गेला असेल. मी वळून पाहिलं तर ड्रमवर शेवटचे वेढे राहिले होते.

मध्ये कुठं फाटा नव्हता. नळी फुटून होज मातीत घुसला असता तर अडला असता.

मी वाकून पुन्हा आत बघत होते तेव्हा नळीच्या तोंडातून आवाज आला.

"ताई, दिसलं का?"

हनुमंतदादांचा आवाज. नळीतून आवाज लांबवर येतो, ते मला ठाऊक आहे. "नाही दिसलं," असं मी म्हटलंसुद्धा. मग मान वर केली. हनुमंतदादा खालच्या चेंबरपासून लांब, गाडीच्या पलीकडं उभे होते. त्यांनी बाटली तोंडाला लावली होती आणि ते पाणी पीत होते.

मी हात करून इंजिन बंद करायला सांगितलं आणि त्यांच्याकडं गेले. इंजिन बंद झालं तशी सगळीकडं शांतता पसरली. लांब हायवेवरच्या ट्रकांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

होज अजून आत जात होता.

प्रेशर नसताना होज जागच्या जागी पडून राहतो. हा जात होता, हळूहळू, मध्येच थांबत. विहिरीतून पोहरा शेंदताना दोर हातात येतो, तसा. हनुमंतदादांनी काही न बोलता ड्रम लॉक केला. होज ताणला गेला, एकदा थरथरला, आणि ढिला पडला.

"मागं घ्या," मी म्हटलं.

गुंडाळून वर आलेला होज कोरडा होता. गाळ नाही, पाणी नाही, पुसून ठेवल्यासारखा. नोझल हातात घेतलं तर बोटांना तेल लागलं. मी वास घेतला. खोबरेल होतं, केसांना लावतात तसं.

हनुमंतदादांनी ते माझ्या हातातून घेऊन चिंधीनं पुसलं. "ताई, निघू आपण. काम न्हाई व्हायचं."

मलाही तेच वाटत होतं. "तुम्ही आवरा, झाकण लावा. मी आप्पांना सांगून येते."

मी ओट्यावर गेले. काम जमणार नाही, दुसरी व्यवस्था बघा, असं सांगितलं. हौसरावांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडं नव्हतं, माझ्या खांद्यावरून पलीकडं होतं. रंभाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कुणाचा आवाज काढला वो?"

"गप गं," हौसराव म्हणाले.

मी वळले.

हनुमंतदादा खालच्या चेंबरच्या काठावर बसून गमबूट काढत होते.

मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. पाय आत सोडले, दोन्ही हात काठावर टेकवले आणि शिडीसारख्या लोखंडी पायऱ्यांवर उतरू लागले. मी कशी पळाले मला आठवत नाही. पोहोचले तेव्हा ते कमरेपर्यंत आत होते. मी त्यांची कॉलर आणि दंड धरला.

"सोडा! ताई खाली पडल्यात!" ते ओरडले. "पाय अडकलाय त्यांचा!"

"दादा, मी वर आहे. बघा माझ्याकडं."

त्यांनी पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. तेवढ्यात खालून, अगदी त्यांच्या पायांपासून आवाज आला.

"दादा, मी खाली आहे. बघा माझ्याकडं."

माझा आवाज. आपला आवाज आपल्याला फोनवर ऐकताना परका वाटतो. हा वाटला नाही. डोक्यात ऐकू येतो तसा होता, आतला.

हनुमंतदादांनी एकदा खाली पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या नजरेत जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ते मला घाबरले होते.

"तुम्ही कोण?" त्यांनी मला विचारलं.

"मी मोनाली. तुमची..."

"मी मोनाली," खालून आवाज आला, माझ्या बरोबरीनं.

त्यांच्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं, नाव घ्यावं, म्हणजे ओळख पटेल, असं माझ्या मनात आलं. मी तोंड उघडायच्या आत खालून कुणी तरी म्हणालं, "ज्ञानेश्वरीची शपथ आहे दादा, मला वर काढा."

त्यांचा एक हात काठावरून सुटला.

मी गप्प बसले. मी जे बोलायला जाईन, ते खालचं आधी बोलेल. जे बोलायचं मनातच आणणार नाही, ते त्याला मिळणार नाही. मी ओठ घट्ट मिटले, दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि माझ्याकडं वळवलं.

खाली रडणं सुरू झालं.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझे मिटलेले ओठ त्यांना दिसत होते.

खाली मी रडत होते आणि वर माझं तोंड बंद होतं.

ते त्यांना दिसलं. मग त्यांनी पाय मारून अंग वर झोकलं, आणि आम्ही दोघं मातीत पडलो.

झाकण आम्ही दोघांनीच ओढलं. हौसराव ओट्यावरून हलले नाहीत. झाकण बसलं तरी रडणं थांबलं नाही, फक्त लांब गेलं.

मी हौसरावांसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं."

"मागच्या येळंला त्या दुसऱ्या गाडीचा माणूस उतरला व्हता," ते खाली बघत म्हणाले. "मंग लाइन वरीसभर धड चालली. आम्ही म्हातारी माणसं, ताई. कुठं जायचं?"

"आणि तो माणूस?"

"आला की वर. त्याचा त्यो आला. गाडी घिऊन घरीबी गेला."

रंभाबाई मटाराची टरफलं पदरात गोळा करत होत्या. "घरी कोण गेलं," त्या म्हणाल्या, "त्ये त्याच्या बायकूला इचारा."

परत येताना आम्ही कुठंही थांबलो नाही. न्हावऱ्याजवळ हनुमंतदादांनी एकदाच तोंड उघडलं. "तुम्ही बोलला असता ना ताई, तर मी खालीच गेलो असतो." मी नुसती मान हलवली.

ते काही दिवस कामावर आले नाहीत, मग आले. काम पहिल्यासारखंच चोख करतात. पण मी फोनवर काही सांगितलं तर करत नाहीत. "समोर येऊन सांगा" म्हणतात. मी जाते. माझे ओठ हलताना दिसले की मगच ते गाडीला हात लावतात. मला त्याचा राग येत नाही.

गेल्या आठवड्यात रंभाबाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी हौसरावांच्या फोनमधून घेतला असावा. मी घरी होते, संध्याकाळची, दिवे लावायच्या वेळेला.

"लाइन मोकळी झाली बरं का," त्या म्हणाल्या. "आपसूक. पाणी खळाळून चाललंय."

मी हॉलमधला दिवा लावला.

"तुमचा आवाज यायचा रोज. परवापासनं येत न्हाई. म्हणून म्हटलं, सांगावं. कुठं गेला म्हणायचा?"

त्यांनी फोन ठेवला. मी तशीच हॉलमध्ये उभी राहिले, फोन कानाला लावून, एक शब्द न बोलता. आत मोरीत दत्ताचं, माझ्या नवऱ्याचं, काही तरी चाललं होतं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. मग तो बाहेर आला, बाह्या वर सारलेल्या, हात ओले. त्याच्या हातात मोरीच्या तोंडावरची जाळी होती.

"काढली गं, तू म्हणालीस तशी," तो म्हणाला. "आता काय करू?"