न दिलेली परीक्षा

आरटीओ साहेब, तुम्ही त्या पोराचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, आणि त्याला गाडी चालवता येते असं लिहून मोकळे झालात! मैदानावर त्यानं म्हणे आठचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवली, मागे घेतली... सगळ्यापुढे बरोबरची खूण! धडधडीत खोटं आहे ते. त्या दिवशी, त्या वेळी स्वप्नील जामनेरात बहिणीच्या घरी पाटावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर त्याच्या भाचीचं जावळ निघत होतं. मामाच्या मांडीशिवाय आमच्याकडे जावळ निघत नाही, साहेब. तिथं एजंट चालत नाही!

बहीण म्हणजे हेमलता. तिचा नवरा रोहिदास गाडी शिकवण्याचा वर्ग चालवतो, आणि बायका-मुलींना शिकवायचं काम तिचं. शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवलेल्या त्या गाडीत बसून तिनं कितीतरी थरथरते हात स्थिर केलेत. भावाला तिनं चारदा सांगितलं होतं, "महिनाभर येऊन राहा, शिकवते." बापानं नको म्हटलं, आणि तो हसला होता. "बाईकडून गाडी शिकू? गावात तोंड दाखवू का नको?"

तर दोन वर्षांपूर्वी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी हेमलताच्या दारात नवी पांढरी पिकअप येऊन थांबली. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, मुराळी होऊन येतो, आणि त्या एका हॉर्नसाठी खानदेशातली लेक वर्षभर कान टवकारून बसते! हेमलताची पिशवी भरलेली होती. चोपड्याकडचं ते गाव, निंबाला बांधलेला झोका, मायच्या हातची रोटी... तिचं अंतःकरण केव्हाच तिकडे पोचलं होतं.

"आबांनी घेतली, केळी वाहायला," स्वप्नील ऐटीत उतरला. "आणि हे बघ, अक्का. लायसन!"

हेमलतानं ते हातात घेतलं. तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"या दिवशी तर तू इथं होतास."

"अगं, एजंटनं केलं सगळं. आबा म्हणे, जो पोऱ्या केळीच्या बागेत ट्रॉली मागे घेतो, त्याची साहेब काय परीक्षा घेणार!"

हेमलतानं पिशवी खाली ठेवली. 

"मग मी या गाडीत बसणार नाही. माझी पोरही बसणार नाही. तू परीक्षा दे, मग मला न्यायला ये."

गल्ली गोळा झाली. समोरच्या ताईबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं हेमा, मुराळ्याला कोणी रिकामं पाठवतं का? वेड लागलं का तुला?"

"मुराळी पुढच्या वर्षी परत येईल ताईबाई. पोर गेली तर ती कुठून आणू?"

स्वप्नीलचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो गाडीत बसला आणि धूळ उडवत निघून गेला.

संध्याकाळी फोन आला. आधी माय, यशोदाबाई. "बेटा, बठ्ठा गाव हासी राहिना. असं काबर करं तू?" सगळं गाव हसतंय, असं का केलंस, एवढंच तिचं. मग तिच्या हातातून फोन हिसकावून घेतलेला बाप, हिलाल आबा. "मना पोऱ्यानी इज्जत काढी तू! आते तू मनी पोर नही!" लेकीचं नातंच तोडून टाकलं.

त्या वर्षीची आखाजी सुनी गेली. पुढचीही. शेजारच्या सुना माहेरून परतायच्या, हातावर मेंदी, ओठांवर गाणी... आणि हेमलता शिकाऊ पोरीला "आरसा बघ, आधी आरसा बघ" म्हणत उन्हात गाडी फिरवत राहायची. एकदा रोहिदास न राहवून म्हणाला, "जा ना, माफी माग. आईबाप आहेत." ती उसळली. "कशाची माफी? भाऊ जिवंत राहावा असं वाटलं, त्याची?"

लायसन खोटं आहे म्हणून तिनं तुमच्या कार्यालयाला तीन पत्रं धाडली, जावळाचा फोटो जोडून. उत्तर नाही.

आणि यंदाच्या पौषात, सकाळी नऊ वाजता, जे व्हायचं ते झालं.

स्वप्नीलला बागेच्या बांधाला पिकअप मागे घेऊन लावायची होती. आबा सवयीप्रमाणे मागे उभे राहिले आणि हात हलवत ओरडू लागले, "येऊ दे... येऊ दे..." ट्रॅक्टरवर पोरगं उघड्यावर बसायचं, मान वळवायचं, बापाचं ऐकायचं. पिकअपच्या काचा बंद होत्या आणि आत गाणं लागलेलं होतं. आबांनी "थांब!" म्हटलं, तेव्हा त्यांची पाठ दगडी बांधाला टेकली होती...

आबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

हेमलता कोणी न बोलावता जळगावच्या दवाखान्यात पोचली. दारातच एक चुलती फणकारली, "झालं का समाधान? तुझ्याच जिभेचा शाप हा!"

"शाप?" हेमलता गरजली. "काकू, दोन वर्षं माहेर सोडून मी हे टाळायला बघत होते! तुम्ही सगळे त्या वेळी हसत होता!"

आत खाटेवर आबा निपचित पडले होते. लेकीला पाहताच त्या कठोर म्हाताऱ्याची हनुवटी लटपटली.

"बेटा... त्याना दोष नही. त्याले कोणी शिकाडंच नही. मी शिकाडं नही, आनि तुले शिकाडू दिधं नही..."

दोन वर्षांचा बांध फुटला! हेमलतानं बापाच्या छातीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. यशोदाबाई दोघांच्या अंगावरून नुसता हात फिरवत राहिल्या.

स्वप्नील मात्र जिन्याखाली बसला होता. 

"अक्का, मी आयुष्यात गाडीला हात लावणार नाही."

"लावशील. शिकून लावशील. रडून सुटका नाही तुझी!"

ती त्याला जामनेरला घेऊन आली. पहिल्या दिवशी किल्ली दिलीच नाही. त्याला चालकाच्या जागी बसवलं आणि स्वतः मागे जाऊन, खाली वाकून, गाडीच्या पाठीला अगदी खेटून उभी राहिली.

"आरशात बघ. मी दिसते?"

त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मधल्या आरशात पाहिलं. "नाही दिसत, अक्का."

"आबाही दिसले नसते. म्हणून खाली उतरून बघायचं असतं. काच उघडायची, गाणं बंद करायचं, आणि मागचा माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. एवढंच होतं रे... एवढंच!"

स्वप्नीलनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तिनं त्याला रडू दिलं. मग दार उघडून म्हणाली, "चल, उतर. आता तू मागे उभा राहा."

सहा आठवडे तो तिच्या शेजारी बसून शिकला. गावातल्या मित्रांनी फोन करून विचारलं, "काय रे, बाईचा चेला झाला म्हणे?" तो म्हणाला, "हो. तुम्हीही या. लाज मी वाटून घेईन."

मग भाऊ-बहीण तुमच्या कार्यालयात आले, साहेब. त्यानं ते लायसन खिडकीत ठेवलं.

"हे खोटं आहे. मी परीक्षा दिलेली नाही. हे परत घ्या आणि माझी परीक्षा घ्या."

कारकून खदखदून हसला. "अरे, लोक घ्यायला रांग लावतात, तू परत द्यायला आला? असा अर्जच नाही आमच्याकडे. जा घरी, सुखानं गाडी चालव."

मागची रांगही हसली. हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बोलणार, तोच स्वप्नीलनं तिचा हात धरला आणि आतल्या बंद दाराकडे तोंड करून असा ओरडला, की रांगेतलं हसू जिथल्या तिथं विझलं.

"साहेब, बाहेर या! माझ्या बापाचा पाय गेला. मला गाडीत बसवा, स्वतः शेजारी बसा, आणि चुकलो तर सगळ्यांदेखत नापास करा. ही माझी बहीण, हिनं शिकवलंय मला. आम्ही दोघं इथून हलणार नाही. माझी परीक्षा घेता का नाही? बोला!"