वारा पडला की

आरतीचं तबक घेऊन मी मागच्या अंगणात आले, तोच कुंपणापलीकडून आवाज आला — "सॉरी, ज्योत बाहेर नको!"

इथे परदेशात, टार्निट उपनगराच्या टोकाला आमचं घर. कुंपण संपलं की माळ सुरू. यंदा पाऊसच नाही, त्यामुळे सप्टेंबरातच गवत कडकडीत वाळलेलं आणि त्यावर वारा घोंघावत होता. जाड पिवळ्या कपड्यांतला एक उंच मुलगा दारोदार बजावत फिरत होता.

"मराठी?" मी थक्क.

"लिओ. वसईचा. फायर ब्रिगेडमध्ये व्हॉलंटियर. आज फायर बॅन आहे, आरती घरात कर."

"आणि बाप्पा रागावला तर?"

"माझ्या वाटणीचे मोदक त्याला दे."

"तुझ्या वाटणीचे?"

"उद्या येतोय ना मी!"

आला. मग येतच राहिला... वारा पडला की संध्याकाळी चहाला. वाऱ्याच्या दिवशी तो ड्यूटीवर, आणि मी खिडकीत बसून माळाकडे बघत असायचे. दिवसातून वीसदा हवामानाचं ॲप उघडायचे. खुळीच झाले होते! कप देताना बोटं लागली, तर तो चटकन दुसरीकडे बघायचा... पण बोलायचा काहीच नाही.

अशातच मला ॲडलेडची नोकरी आली, वर्षभराची. लिओला सांगितलं, तर म्हणाला, "मस्त! गो फॉर इट." रात्रभर रडले.

सोमवारी चारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्याआधी त्याला सरळ विचारायचं ठरवलं — थांबू का? नेमका सोमवारीच वारा सुटला. माळावर धूर... लिओचा फोन बंद. साडेतीन झाले, पावणेचार झाले. भीतीनं जीव अर्धा झाला, आणि रागही आला. ज्यानं कधी 'थांब' म्हटलं नाही, त्याच्यासाठी का थांबायचं? चारला पाच कमी असताना मी होकार पाठवून दिला.

सहाला विजा कडाडल्या, पाऊस कोसळला. दारात लिओ, तोंड काजळीनं माखलेलं.

"सुखदा, आज धुरात काही दिसेना, तेव्हा... तूच आठवत होतीस. नको ना जाऊस. थांब."

"आत्ता सांगतोस? मी दुपारीच हो म्हणून बसले!"

तो मटकन पायरीवर बसला. मीही शेजारी बसले, भिजत. 

"ओके," शेवटी तो म्हणाला. "आठ तासांचा ड्राइव्ह आहे. दर शुक्रवारी कामावरून सुटलो की निघेन."

"आणि वारा असला तर?"

"तर शनिवारी."

तो माझ्या शेजारी बसला होता, माझा हात हातात घेऊन. तरी मला शनिवार फार लांब वाटायला लागला.