उजवा कौल

रक्ततपासणीचा कौल रुग्णाला सांगायचा नाही, घरच्यांना सांगायचा, असा तेव्हा रिवाज होता. आजार एकाचा आणि लपवाछपवी साऱ्या घराची, ही आपली जुनी खोड. विज्ञान पुढे गेलं म्हणून ती थोडीच जाते! म्हणून कुडाळच्या दवाखान्यात डॉक्टर निमकरांसमोर ओवी एकटीच बसली होती. तिचा नवरा शर्विल घरी घावणे घालत होता. तीन महिन्यांपूर्वी नैराश्याने तो अंथरूण सोडत नव्हता.

"दुसऱ्या तपासणीत साक्षी-जनुकं हललेली नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे काय हो? सोपं करून सांगा."

"आपल्या पेशींत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. कुठली जागी आहेत, कुठली झोपलीत, ते रक्तात कळतं. त्यातली काही उपचाराआधीच सांगतात, गोळ्या लागू पडतील की नाही. ती कौल-जनुकं. देवळातल्यासारखाच कौल, उजवा म्हणजे लागू पडतील, डावा म्हणजे नाही. दुसरी साक्षी-जनुकं. नैराश्य खरोखर उतरू लागलं की त्यांचं काम बदलतं. शर्विलचा कौल डावा होता. त्यांना दाखल करा, असं मी तेव्हाच म्हटलं होतं."

म्हटलं होतं खरं. पण गोळ्यांचा उपयोग नाही हे ऐकून त्याने उरलीसुरली आशाही सोडली तर? या भीतीने ओवीने घरी जाऊन त्याला पेढा भरवला होता. 'कौल उजवा पडलाय रे! महिन्याभरात बरा होशील.' आणि डॉक्टरांना कळवलं होतं, तो दाखल व्हायला तयार नाही.

"पण तो छान आहे, डॉक्टर! पहाटे उठतो, थट्टामस्करी करतो. माळा आवरला. विहिरीवरचा पंप कसा चालू करायचा, सिलिंडर कसा बदलायचा, सगळं मला शिकवलं. 'तुला यायला हवं' म्हणतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ओवीताई, रक्त तसूभरही बदललेलं नाही. मग हसतंय कोण?"

ओवी खुर्चीतून उठली.

"त्यांना एकटं ठेवू नका. आत्ता घेऊन या."

रिक्षात तिने पाच वेळा फोन लावला. तो उचलेना. घराचं दार उघडंच होतं.

"आलीस? बस, गरम गरम वाढतो," स्वयंपाकघरातून शर्विल म्हणाला. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

तिने गॅस बंद केला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गोळ्या लागू पडणारच नव्हत्या?"

"नाही. तुला धीर यावा म्हणून मी खोटं बोलले."

तो खुर्चीवर बसला. "मला काडीचाही फरक पडला नव्हता, ओवी. पण माझंच रक्त म्हणतंय बरा होशील, तू पेढे वाटत सुटलीस. मग बरा न होणारा मीच नालायक, असं वाटायला लागलं. आणि हे सांगणार कुणाला? म्हटलं, जाईपर्यंत निदान तुला हसरा दिसावं."

"जाईपर्यंत?" ती त्याच्यापुढे खाली बसली. "शर्विल, हसू नकोस रे. आता हसू नकोस!"

"थांबतो," तो म्हणाला.

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठांवरचं हसू काही केल्या जाईना.