ऐकणाऱ्या बायांची कपात

पाथरीची नर्मदाबाई ज्ञानेश्वरीताईंच्या परभणीतल्या ऑफिसात आली आणि बसा म्हटलं तरी उभीच राहिली. सूतगिरणीनं तिला आणि आणखी काही बायांना कामावरून काढलं होतं.

"एआयनं काढलं म्हणत्यात. जागेवर नसते म्हणं मी. एक पाळी चुकवली न्हाई, ताई. कुणी केलं त्याचं नाव पायजे मला."

खाजगी तपास हा ताईंचा धंदा. त्यांनी होकार दिला. जीप चालवणाऱ्या भागवतला मात्र कळेना, मशीनचा कसला तपास?

गिरणीच्या दारावर कॅमेरा होता. कार्मिक अधिकारी अर्पिता घ्यायला आली. धुळीमुळं भागवतनं तोंड बांधलं होतं.

"रुमाल काढा, नाहीतर नोंद होणार नाही," ती म्हणाली.

व्यवस्थापक माणिकरावांनी चहा मागवला. "यात आमचा हात नाही. कोण जागेवर आहे, कोण नाही, हे कॅमेरे दिवसभर बघतात. एआय गुण देतं. त्याला ना जात कळते, ना नातं."

"निकाल कुणी तपासतं?" ताईंनी विचारलं.

"कशाला? माणूस मधे आला की वशिला आला."

कातणी खात्यात कापसाची पिंज तरंगत होती. भिंतीवर पाटी होती, 'तोंड बांधूनच काम करा'. बायांच्या ओठांवर, भुवयांवर पिंज बसली होती.

भागवतचा संशय मुकादम गोपाळवर. "तूच चुगली केली असशील."

"मी कशाला करू? सांगितलेलं ऐकणाऱ्या बाया गेल्या माझ्या. वांड तेवढ्या ऱ्हायल्या."

ताई परत माणिकरावांच्या केबिनमध्ये आल्या, अर्पितालाही बोलावून घेतलं.

"भिंतीवर नियम आहे, पण आत एकीचंही तोंड बांधलेलं नाही. मग बांधणाऱ्या कुठं गेल्या? त्यांचीच कपात झाली. कॅमेऱ्याला झाकलेला चेहरा ओळखू येत नाही. दिवसभर राबलेली बाई त्याच्या लेखी गैरहजर. अर्पिता, तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून दारात रुमाल काढायला लावलात."

अर्पितानं मान खाली घातली. "मी साहेबांना सांगितलं होतं. कपातीच्या आधीच."

भागवतनं माणिकरावांकडं पाहिलं. ते चहा पीत होते.

"माणसं कमी करायचीच होती," ते म्हणाले. "मी काढली असती तर दारात मोर्चा आला असता. एआयवर मोर्चा कोण नेणार? तुम्ही खुशाल कोर्टात जा. निकाल लागेपर्यंत मी इथं नसेन."

अर्पिता साक्ष देईल का, असं ताईंनी विचारलं. तिनं नकार दिला. घरात तिच्या एकटीचीच नोकरी होती.

दोघं नर्मदाबाईच्या घरी पोचले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकासंगं ऊसतोडीला गेली. टोळी सकाळीच निघाली."

भागवतनं फोन लावला. पलीकडं ट्रकचा आवाज होता. त्यानं माणिकरावाचं नाव सांगितलं, कसं घडलं ते सांगितलं.

"मंग घेत्यात का परत?"

"न्हाई, मावशी."

"लेकाला सांगते," ती म्हणाली. "त्योबी म्हणायलाय, तूच काहीतरी केलं असशील."