प्रतिदेहाचं पहिलं मिनिट

कसोटीगृहाच्या फरशीवर प्रतिदेह उताणा पडला होता. वरून रबर, पण आत एका खऱ्या माणसाचं हृदय, रक्त, फासळ्या, सगळं गणितानं बसवलेलं.

रुग्णवाहिकेवर वीस वर्षं काढलेल्या मालन सिस्टरची आज कसोटी होती. नापास झाली की गाडीवरून उतरवणार.

"हे बाहुलं नाही," यंत्रज्ञ निरंजन धोत्रे म्हणाला. "तुमच्या गाडीतल्या नोंदींवरून एक रुग्ण पुन्हा उभा केलाय. वाचवून दाखवा."

मालननं रुग्णाच्या नोंदीचा कागद वाचला. "सहा वर्षांपूर्वीचे. माझ्या हातून गेलेलेच बरे सापडले? जगलेले दिसले नाहीत?"

निरंजननं यंत्र सुरू केलं.

मालननं गुडघे टेकले. कोपरं ताठ, दाब खोल, तोंडानं मोठ्यानं मोजणी, मध्येच विजेचा झटका. वीस मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली. हात: शंभरात अठ्ठ्याण्णव. रुग्ण: मृत.

"पुन्हा करा," निरंजन म्हणाला.

पुन्हा तेच.

"असं कसं होईल!" तो ओरडला.

मालननं पदरानं घाम पुसला. "त्या दिवशी यांच्या दारात एक जण फोनवर आमच्यावर ओरडत उभा होता. तुम्हीच ना ते?"

"वडील होते माझे. यायला अकरा मिनिटं लावलीत तुम्ही."

"लागली. रस्ता काय माझ्या बापाचा होता? या प्रतिदेहाचं घड्याळ मागं जातं का?"

"जातं. रक्तावरून आधीची मिनिटं काढता येतात."

"मग ते पडले त्या मिनिटाला न्या."

त्यानं घड्याळ फिरवलं. मालन बाजूला सरकली. "आता मी नाही. मी तेव्हा पोचलेच नव्हते. तुम्ही बसा."

तिनं त्याचे तळवे छातीवर ठेवले, कोपरांवर चापट मारली. "ताठ! फासळी मोडली तर मोडू दे."

तो वेडावाकडा दाबत राहिला. पडद्यावरची रेघ अचानक उसळली. हात: शंभरात एकेचाळीस. रुग्ण: जिवंत.

निरंजननं ती अक्षरं पुन्हा वाचली. "म्हणजे मीच..."

"तुम्हाला कुणी शिकवलं होतं?"

"नाही."

"मग गप बसा. न शिकवता नापास करायची रीत आमच्यात नाही."

त्यानं त्या रबरी छातीवरचे हात उचलले. मग मालनच्या कसोटीच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहून उठला. "सिस्टर, पायांकडून धरता? गाडीत घालू."

"कुठं नेताय?"

"आमच्या इमारतीत. अजून सव्वीस घरं शिकवायची आहेत तिथं."

मालननं पाय उचलले. "दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जपून," ती म्हणाली. "तेव्हा स्ट्रेचर तिथंच अडकलं होतं."